ब्रेक दगडासारखा कडक झालाय? बूस्टर काढण्याआधी हातभर पाइप बघा

गाडी-दुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

कापूस जिनिंगला जायला लागला की ब्रेकच्या तक्रारींची पत्रं वाढतात. या वेळी बहुतेकांचं दुखणं एकच आहे: पेडल कडक. पेडल खाली जाणं, स्पंजासारखं लागणं हा वेगळा आजार, त्याची उत्तरं इथे नाहीत.

प्रश्न : माझ्याकडे डिझेल पिकअप आहे. पंधरा दिवसांपासून ब्रेक एकदम कडक झाला आहे. कापूस भरून गाडी थांबवायला दोन्ही पाय द्यावे लागतात. गावच्या मिस्त्रीने मागचे लायनर बदलले, पुढचे पॅड बदलले, हवा काढली. काहीच फरक नाही. आता तो बूस्टर बदला म्हणतो. बदलू का?
— एक वाचक, ता. राळेगाव, जि. यवतमाळ

उत्तर : अजून नको. बूस्टर गेला असेलही, पण ते अजून कोणी तपासलेलंच नाही. लायनर बदलून आणि हवा काढून हे दुखणं जाणार नव्हतं, कारण पाइपात हवा असली की पेडल मऊ होतं, कडक होत नाही.

आधी बूस्टर करतो काय ते बघा. पेडल आणि मास्टर सिलिंडर (ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) यांच्या मधे तो मोठा काळा पत्र्याचा डबा असतो. आत रबराचा पडदा, आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा इंजिन ओढून घेतं. तुम्ही ब्रेक दाबला की पेडलकडच्या बाजूला बाहेरची हवा शिरते, समोरची बाजू रिकामीच राहते, आणि बाहेरची हवा पडद्याला पुढे ढकलते. पडदा ९ इंचांचा म्हणजे साधारण २३ सेंटिमीटर व्यासाचा धरा. क्षेत्रफळ होतं सुमारे ४१५ चौरस सेंटिमीटर. व्हॅक्युम, म्हणजे हवा काढून घेतल्याने तयार झालेली ओढ, ५०० मिलिमीटर पाऱ्याचा असेल तर दर चौरस सेंटिमीटरला ०.६८ किलो, म्हणजे एकूण जवळजवळ २८० किलोचा रेटा. आतल्या दांड्याची आणि झिजेची वजावट धरून थोडा कमी. हा रेटा तुमच्या पायाला मदत करणारा माणूसच समजा, तो आता कामावर नाही. व्हॅक्युम निम्मा झाला तर मदतही निम्मी. म्हणून ब्रेक ‘गेलेला’ नसतो, सगळं ओझं तुमच्या एकट्याच्या पायावर आलेलं असतं.

आता सीटवर बसूनच तीन चाचण्या करा. सपाट जागा, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून दगड लावलेले.

पहिली : इंजिन बंद असताना पेडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे डब्यातला व्हॅक्युमचा साठा संपतो आणि पेडल कडक होतं. आता पाय बेताच्या जोराने पेडलवर तसाच ठेवा आणि स्टार्टर मारा. इंजिन सुरू होताच पेडल पायाखाली एक-दोन सेंटिमीटर आपोआप खाली बसलं पाहिजे. हललंच नाही, तर बूस्टरला व्हॅक्युम मिळत नाही किंवा बूस्टर तो वापरत नाही. बसलं पण पाच-दहा सेकंदांनी, हळूहळू, तर व्हॅक्युम तयार करणारा पंप (डिझेल गाडीत असतो) थकलाय किंवा पाइप अर्धा बंद आहे.

दुसरी : इंजिन एक-दोन मिनिटं चालवून बंद करा. पाचेक सेकंदांच्या अंतराने त्याच जोराने पेडल तीनदा दाबा. पहिल्यांदा जास्त खाली, मग थोडं वर, मग आणखी वर, असं झालं तर डबा साठा धरून ठेवतोय. पहिल्या दाबालाच दगड लागला तर कुठेतरी गळती आहे किंवा साठा मुळात भरलाच नाही.

तिसरी : इंजिन चालू ठेवून ब्रेक दाबून धरा आणि तसाच धरून इंजिन बंद करा. ३० सेकंद पेडल जागचं हलता कामा नये. पायाला हळूहळू वर ढकलायला लागलं तर गळती आहे.

तिन्ही चाचण्या पास आणि तरी गाडी थांबत नसेल, तर बूस्टरचा नाद सोडा. मग पॅड, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग), ड्रम.

पहिली चाचणी नापास झाली तर बॉनेट उघडा. बूस्टरपासून इंजिनाकडे जाणारा जाड रबरी पाइप दिसेल. तो बूस्टरच्या टोकाला सोडवा, इंजिन स्लोवर चालू ठेवा आणि पाइपाच्या तोंडावर अंगठा ठेवा. अंगठा चांगला ओढला गेला पाहिजे, काढताना ‘टप्प’ आवाज आला पाहिजे. गेज असेल तर उत्तम: डिझेल गाडीत पंप चांगला असेल तर साधारण २४ ते २७ इंच पाऱ्याचा व्हॅक्युम, पेट्रोल गाडीत स्लोवर १७ ते २१ इंच. इथे ओढ जोरदार आहे पण पेडल कडकच, तर दोष एकतर्फी व्हॉल्व्हमध्ये (त्याची तपासणी खाली आहे) किंवा बूस्टरमध्ये. ओढच नाही, तर पाइप किंवा पंप. आता पाइप पंपाच्या टोकाला सोडवा आणि थेट पंपाच्या नळीवर अंगठा ठेवा. तिथे ओढ आहे आणि इकडे नाही, याचा अर्थ गुन्हेगार मधला पाइप.

आपल्याकडे पाइप दोन प्रकारे जातो. एक, उंदीर. शेडमध्ये कापूस, सोयाबीन, ढेप ठेवलेली असते आणि शेजारीच गाडी. उंदीर पाइप बऱ्याचदा वरून नाही, खालच्या बाजूने, फायरवॉलजवळच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळच्या) बाकापाशी कुरतडतो. वरून बघून पाइप चांगला दिसतो. म्हणून पाइप काढून हातात घ्या आणि खालून बोट फिरवा. दोन, उष्णता. मे महिन्यात बॉनेटखाली भाजून रबर टोकांना कडक होतं, क्लिपखाली चिरतं. किंवा आतला थर सुटून आतल्या आत पडदा होतो. बाहेरून पाइप ठणठणीत, आतून बंद. पाइपात फुंकून बघा, आणि उजेडाकडे धरून आरपार दिसतं का तेही बघा.

एक चूक फार होते. फुटलेल्या पाइपाच्या जागी पाण्याचा किंवा डिझेलचा साधा पाइप बसवतात. तो आतून ढकलणारा दाब सहन करतो, बाहेरून पिचकणारा नाही. सकाळी थंड इंजिनावर ब्रेक मस्त लागतो, आणि तासाभराने पाइप गरम होऊन मऊ पडला की दोन बोटांत धरल्यासारखा चपटा होतो. इंजिन गरम असताना बॉनेट उघडून पाइपाकडे बघत राहिलं तर हे डोळ्यांना दिसतं. ब्रेक व्हॅक्युमचा जाड भिंतीचा पाइपच मागा, जुन्याइतक्याच आतल्या व्यासाचा.

पाइपाबरोबर एकतर्फी व्हॉल्व्ह तपासा. तो बूस्टरच्या तोंडावर किंवा पाइपाच्या मधे असतो. बूस्टरच्या बाजूने फुंकलं तर हवा गेली पाहिजे, इंजिनाच्या बाजूने फुंकलं तर अजिबात नाही. दोन्हीकडून गेली किंवा दोन्हीकडून अडली, तर बदला. वर बाण असतो, तो इंजिनाकडे हवा. पाइप बदलल्या दिवसापासून ब्रेक कडक झाला असेल तर सगळ्यात आधी हा बाण बघा. व्हॉल्व्ह उलटा बसला की बूस्टरमधून हवा निघतच नाही.

तुमची गाडी डिझेल आहे म्हणून पंपाकडे जास्त लक्ष द्या. डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) कामाचा व्हॅक्युम तयार होत नाही, त्यासाठी वेगळा पंप लागतो. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत तो अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या) पाठीवर बसतो, नव्यांत कॅमशाफ्टवर. अल्टरनेटरवरचा पंप असेल तर डॅशवरचा बॅटरीचा दिवा आठवा: बेल्ट ढिला झाला किंवा तुटला की चार्जिंग आणि ब्रेक दोन्ही एकदमच बसतात. दिवा लागलाय आणि पेडल कडक झालंय, तर निदान झालं.

या पंपाला इंजिन ऑइलची बारीक नळी येते. ती बुजली की आतल्या पात्या सुक्या फिरतात, झिजतात किंवा खाचेत अडकतात. अल्टरनेटर नुकताच रिवाइंड करून आणला असेल तर मिस्त्रीला तीन गोष्टी विचारा. ओ-रिंग नवी टाकली का, ऑइलच्या नळीचे तांब्याचे वॉशर नवे टाकले का, आणि सुरू करण्याआधी पंपाच्या तेलाच्या भोकात चमचाभर स्वच्छ इंजिन ऑइल सोडलं का. तेल न सोडता कोरडा फिरवलेला पंप सुरुवातीलाच खराब होतो. व्हॅक्युमचा पाइप काढल्यावर आतून काळं तेल ओघळलं तर पंपाचं तेल उलटं येतंय. नुसता पाइप पुसून बसवू नका, व्हॉल्व्ह बदला. बूस्टरच्या रबराला इंजिन ऑइल सोसत नाही.

तोवर गाडीत कापूस भरू नका. रिकामी गाडी गॅरेजपर्यंत न्यावीच लागली तर दुसऱ्या गिअरमध्ये, हँडब्रेकवर हात ठेवून. ओढून नेणार असाल तर लक्षात ठेवा, बंद इंजिनाच्या गाडीचा ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड असतात. दोर लावून हायवेवरून ओढण्याचं धाडस नको.

प्रश्न : ब्रेक दाबला की पायापाशी ‘स्स्स’ आवाज येतो आणि इंजिन थरथरतं, कधी बंदही पडतं. पेट्रोल गाडी आहे. दुसरं म्हणजे ब्रेक ऑइल दर महिन्याला थोडं कमी होतं, पण चारही चाकं कोरडी आहेत. या दोन गोष्टींचा संबंध आहे का?
— एक वाचक, वरुड, जि. अमरावती

उत्तर : बहुधा आहे. ब्रेक दाबताना क्षणभर हलका ‘फुस्’ येणं ठीक, ती आत शिरणारी हवा. पण पाय दाबून धरलेला असताना आवाज चालूच राहतो आणि इंजिनाची चाल बदलते, म्हणजे पडदा फाटलाय किंवा आतला झडपेचा रबर गेलाय. त्या वाटेने फुकटची हवा मॅनिफोल्डमध्ये जाते, मिश्रण पातळ होतं, म्हणून इंजिन थरथरतं.

आणि ऑइल जातं कुठे? बूस्टरच्या पोटात. मास्टर सिलिंडरचं मागचं सील गळलं तर ऑइल बाहेर पडत नाही, थेट बूस्टरमध्ये ओढलं जातं. खात्री अशी करा. मास्टर सिलिंडरचे बूस्टरला धरणारे दोन नट काढा, लोखंडी नळ्या न वाकवता सिलिंडर जेमतेम इंचभर पुढे ओढा, आणि मधल्या जागेत स्वच्छ पांढरं फडकं घाला. ओलं निघालं, रंग सुटून पत्रा उघडा पडलेला दिसला, की झालं. एकतर्फी व्हॉल्व्ह काढून त्या भोकातून तारेला कापूस गुंडाळून डब्याच्या तळापर्यंत घातलात तर आत साचलेलं ऑइलही बाहेर येईल.

अशा वेळी फक्त बूस्टर बदलला तर नवाही त्याच ऑइलने खराब होईल. मास्टर सिलिंडर आणि बूस्टर दोन्ही एकत्र बदला. बूस्टर उघडून आतला पडदा बदलून देणारे कारागीर मोठ्या गावांत आहेत. आमचं मत त्याविरुद्ध आहे. डब्याची कड पुन्हा दुमडताना ती सारखी बसली का, हे डोळ्यांनी कळत नाही, आणि ब्रेकमध्ये ‘बहुतेक बसली असेल’ चालत नाही. भंगारातून आणलेला बूस्टर घेणार असाल तर दुकानातच व्हॉल्व्हच्या भोकातून आतला वास घ्या आणि कापसाची तार फिरवून बघा.

बसवण्याचं काम अवघड नाही, अडचणीचं आहे. साठा संपेपर्यंत पेडल दाबा, पाइप काढा, ऑइलच्या टाकीवरच्या दिव्याची वायर सोडा, मास्टर सिलिंडर मोकळा करा. नळ्यांचे नट सोडवायला साधा फिक्स पाना लावू नका, कडा गोल होतात. नटाला जवळजवळ पूर्ण वेढणारा फ्लेअर पाना लावा. आत डॅशबोर्डखाली पेडलची पिन आणि तिची क्लिप, मग फायरवॉलवरचे सहसा चार नट. क्लिप खाली मॅटवर पडली की सापडत नाही, म्हणून आधीच खाली जुनं पांढरं कापड अंथरा.

खरी मेख पुढे आहे. बूस्टरमधून मास्टर सिलिंडरकडे निघणारा दांडा. नव्याचा दांडा जुन्यापेक्षा जरासा लांब असेल तर मास्टरचा पिस्टन कायम थोडा दाबलेला राहतो आणि ब्रेक जाम होतो. आखूड असेल तर पेडलला नाहक खेळ येतो. दांड्याच्या टोकाला मुगाएवढी घट्ट मळलेली कणीक लावा, मास्टर बसवून नट आवळा, परत काढा आणि कणकेची जाडी बघा. दांडा आणि पिस्टनमध्ये अगदी किंचित, सहसा १ मिलिमीटरच्या आतलं अंतर हवं. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस पुस्तकातला धरा. कणीक पूर्ण पुसून मगच शेवटचं बसवा, आणि मधली ओ-रिंग नवी टाका, नाहीतर तिथूनच व्हॅक्युम गळेल.

नळ्या सोडल्या असतील तर हवा काढावी लागणार. आपल्या उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाड्यांत मास्टर उजवीकडे असतो, म्हणून सहसा सगळ्यात लांबचं म्हणजे मागचं डावं चाक आधी, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. काही गाड्यांत नळ्या तिरप्या जोडलेल्या असतात, तिथे क्रम वेगळा. शेवटी पहिल्या उत्तरातल्या तिन्ही चाचण्या पुन्हा करा.

प्रश्न : परतवाड्याहून चिखलदऱ्याला येणं-जाणं असतं. उतरताना डिझेल वाचवायला आमचे ड्रायव्हर गाडी बंद करून न्यूट्रलमध्ये सोडतात. तीन-चार वळणांनंतर ब्रेक कडक होतो. गाडीत दोष आहे की सवयीत?
— एक वाचक, अचलपूर

उत्तर : सवयीत. बंद इंजिनाच्या बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरता साठा असतो. तो पहिल्या दोन वळणांतच संपतो. स्टिअरिंगचीही मदत गेलेली असते, आणि चावी चुकून पूर्ण फिरली तर स्टिअरिंग लॉक होतं. वाचतही काही नाही. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन आपोआप बंद होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवलं तर उलट स्लोवर चालायला ते इंधन घेतं. चढताना ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा.

इंजिन चालू असूनही घाटात पेडल कडक लागत असेल आणि जळका वास येत असेल, तर ते दुखणं दुसरं: पॅड तापून त्यांचा वरचा थर काचेसारखा गुळगुळीत झालाय. तुम्ही कितीही दाबा, पॅड डिस्कवरून घसरतो. उलट पेडल मऊ पडून खाली जायला लागलं तर ऑइल उकळलंय. डॉट हा ब्रेक ऑइलचा दर्जा: डॉट ३ ऑइल ताजं असताना २०५ अंशांना उकळतं, ओलावा शोषलेलं १४० अंशांना. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. दोन वर्षांनी ऑइल बदला म्हणतात ते यासाठीच. दोन्ही वेळी गाडी बाजूला घ्या, अर्धा तास थांबा, डिस्कवर पाणी ओतू नका.

प्रश्न : निघताना ब्रेक चांगला असतो. दहा-पंधरा किलोमीटरनंतर पेडल वर येतं, कडक होतं, गाडी जड चालते आणि पुढची चाकं हात लावू देत नाहीत. अर्ध्या तासाने सगळं ठीक. मिस्त्रीने दोन वेळा कॅलिपर साफ केले.
— एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : ब्रेक सुटत नाहीये. पेडल कडक आहे कारण पाइपात दाब आधीच अडकलेला आहे, तुमच्या पायाला ढकलायला जागाच उरत नाही. बूस्टरचा इथे दोष नाही. दाब नेमका कुठे अडकलाय ते गाडी जाम झालेली असतानाच सापडतं, थंड झाल्यावर नाही. म्हणून गाडी चालवून जाम करा, लगेच गॅरेजमध्ये आणा, पुढचं चाक जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा. डोळ्यांवर चष्मा हवा, ऑइल गरम असतं.

आधी कॅलिपरचा ब्लीड निपल, म्हणजे हवा काढायचा निपल, पाव फेरा उघडा. ऑइल पिचकारीसारखं उडालं आणि चाक मोकळं झालं, तर दाब अडकलेला होता. निपल उघडूनही चाक जामच, तर दोष कॅलिपरमध्येच: पिस्टन गंजलाय किंवा सरकणाऱ्या पिना सुकल्यात. आपल्याकडच्या काळ्या मातीचा चिखल पिनांच्या रबरी टोप्यांत शिरतो आणि वाळून सिमेंट होतो. पिना साफ करून ब्रेकसाठीचं खास सिलिकॉन ग्रीस लावा, बेअरिंगचं नको, ते रबर फुगवतं.

निपल उघडून सुटत असेल तर निपल बंद करून पुन्हा जाम होऊ द्या. आता मास्टर सिलिंडरचे दोन नट तीन-चार मिलिमीटर ढिले करा. एवढ्यानेच चाक सुटलं तर बूस्टरचा दांडा लांब आहे किंवा पेडललाच मोकळा खेळ नाही. पेडलला बहुतेक गाड्यांत १ ते ६ मिलिमीटर मोकळा खेळ हवा. ब्रेक लाइटचा स्विच पुढे आवळून बसवला असेल तर तोही पेडलला पूर्ण वर येऊ देत नाही, आणि हे काम कधीकधी दिव्याची तक्रार दुरुस्त करणाऱ्या इलेक्ट्रिशियनने करून ठेवलेलं असतं.

नट ढिले करूनही नाही सुटलं, तर मास्टरवरची नळी ढिली करा. आता सुटलं तर मास्टरच्या आतलं परतीचं बारीक भोक बंद आहे. तरीही नाही, पण निपलने सुटतं, तर चाकाजवळचा रबरी पाइप आतून सुजून एकतर्फी झालाय. पायाच्या जोराने ऑइल आत जातं, परत येत नाही. पाइप दोन्ही चाकांचे बदला, एकाचाच नको.

पण पुढची दोन्ही चाकं एकदम तापतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून एक शंका जास्त येते. टाकीत कोणी ब्रेक ऑइलऐवजी दुसरं काही ओतलंय का? पॉवर स्टिअरिंगचं तेल, इंजिन ऑइल, काहीही. खनिज तेल पडलं की ब्रेकचे रबर फुगतात, मास्टरचं भोक झाकलं जातं, आणि नेमकं तुम्ही लिहिलंय तसं होतं. टाकीचं झाकण उघडा. झाकणातला रबरी पडदा फुगून लोंबतोय का बघा. मग काचेच्या ग्लासात पाणी घेऊन टाकीतल्या ऑइलचे चार थेंब सोडा. खरं ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. वर तवंग तरंगला तर तेल शिरलंय.

तेल निघालं तर नुसतं ऑइल बदलून भागत नाही, हे आधीच मान्य करा. मास्टर सिलिंडर, पुढचे कॅलिपर, मागचे व्हील सिलिंडर यांचे सगळे रबर आणि सगळे रबरी पाइप बदलावे लागतात. लोखंडी नळ्या ब्रेक क्लीनरने धुऊन वाळवाव्या लागतात. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर त्याचं युनिटही अडचणीत येतं, ते अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच दाखवा. नवीन ऑइल सीलबंद डब्यातलंच घ्या, झाकणावर लिहिलेल्या डॉटचंच. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये चालत नाही. डॉट ५.१ वेगळं, नाव सारखं बघून फसू नका. आणि ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग उकलतो.

प्रश्न : भाऊ, माही गाडी बटनवाली हाय. चार-आठ दिवस उभी रायली का ब्रेक दगडावानी होते. बटन दाबलं तं चालूच होत नाई. लय जोर लावला का मंग होते. कायले होत असंन?
— एक वाचक, ता. दारव्हा

उत्तर : भाऊ, आठ दिवसांत बूस्टरमधला साठा झिरपून जाणं नवल नाही. साठा नसला की पेडल कडक, आणि पेडल पुरेसं खाली गेलं नाही की ब्रेकचा स्विच लागत नाही. गाडीला वाटतं तुम्ही ब्रेक दाबलाच नाही, म्हणून बटण दाबूनही ती सुरू होत नाही. उपाय एवढाच: सुरू करण्याआधी पेडल दाबून-सोडून खेळू नका, त्याने उरलासुरला साठाही जातो. एकदाच, सीटला पाठ टेकवून, जोराने दाबा आणि दाबलेलं धरून बटण दाबा. सुरू झाल्यावर पेडल खाली बसलं तर सगळं ठीक आहे.

मात्र रात्री उभी केलेली गाडी सकाळीच असं करत असेल, तर एकतर्फी व्हॉल्व्ह साठा धरत नाही. तपासायची रीत वर पहिल्या उत्तरात आहे. बहुतेक गाड्यांत तो हाताने ओढून निघतो, फक्त भोकातलं रबरी वायसर जुनं झालं असेल तर तेही नवं घ्या आणि बसवताना त्याला ब्रेक ऑइलचं बोट लावा, म्हणजे न फाटता आत सरकतं.

प्रश्न : पेरणीपासून दिवाळीपर्यंत गाडी शेडमध्ये उभी होती. आता पेडल कडक आहे आणि दाबलं की सावकाश वर येतं. बूस्टरच्या तिन्ही चाचण्या बरोबर निघाल्या.
— एक वाचक, ता. उमरखेड

उत्तर : मग बॉनेट बंद करा आणि टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली शिरा. आधी मॅट बाहेर काढा. दोन मॅट एकावर एक टाकले की वरचा सरकून पेडलमागे अडकतो. मग पेडलची पिन बूस्टरच्या दांड्यातून काढा आणि पेडल नुसतं हाताने हलवा. ते इथेच जड असेल तर वरची बुश धूळ आणि गंजाने धरली आहे. काढून घासा, ग्रीस लावून बसवा. पेडल मोकळं आहे, पण दांडा हाताने ढकलला की सावकाश परत येतो, तर बूस्टरच्या मागचा फोमचा फिल्टर बघा. दांड्याभोवतीच्या रबरी टोपीखाली तो असतो, आणि पडद्यामागे शिरणारी हवा त्यातूनच जाते. उंदराने तिथे कापूस, भुसा कोंबला असेल तर हवा आत यायला उशीर होतो. चिमट्याने काढा. पिनेची क्लिप परत बसवायला विसरू नका, जुनी वाकडी झाली असेल तर नवी घाला. चाकांचे ड्रमही उघडून बघा, पावसाळाभर उभ्या गाडीचे शू ड्रमला चिकटलेले असू शकतात.